कानाच्या पाळीला लावलेला करंट: चिंता आणि निद्रानाशावरील सौम्य विद्युत-उपचाराविषयी

पाठ किंवा मान धरली म्हणून फिजिओथेरपीच्या दवाखान्यात जाऊन ज्यांनी कधी ‘मशीनचा शेक’ घेतला असेल, त्यांना त्या मुंग्या चांगल्या आठवत असतील. त्वचेवर ओलसर पट्ट्या, त्यांना जोडलेल्या वायरी, आणि ‘सहन होतंय ना?’ असे विचारत हळूहळू बटण फिरवणारा थेरपिस्ट. तसलेच एक यंत्र मोबाईलएवढे लहान केले, त्यातला प्रवाह कितीतरी पटींनी घटवला, त्याच्या वायरी पाठीऐवजी दोन्ही कानांच्या पाळ्यांना लावल्या आणि सांगितले, की याने जिवाची घालमेल कमी होईल व रात्री झोप लागेल, तर ऐकणाऱ्याच्या मनात दोन शंका हमखास येतात. डोक्याला करंट म्हणजे ही ‘शॉक ट्रीटमेंट’ तर नव्हे? आणि ती नसेल, तर एवढ्याशा करंटने होणार तरी काय? पहिल्या शंकेचे उत्तर ठामपणे देता येते. दुसरी शंका मात्र या विषयाचे खरे मर्म आहे, आणि गेली कित्येक दशके संशोधकही तिच्याभोवतीच घुटमळत आहेत.

या उपचाराचे नाव ‘क्रेनियल इलेक्ट्रोथेरपी स्टिम्युलेशन’, संक्षेपाने सीईएस. सामान्य बोलीतली ‘शॉक ट्रीटमेंट’, म्हणजे ईसीटी, हा अगदी निराळा प्रकार आहे. १९३८ साली रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी यांनी सुरू केलेल्या त्या उपचारात सुमारे ८०० ते ९०० मिलिॲम्पिअरचा प्रवाह काही सेकंद दिला जातो आणि मेंदूत मुद्दाम झटका, म्हणजे फिट, आणला जातो. तीव्र नैराश्यात तो आजही परिणामकारक मानला जातो. (तो भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याशिवाय करण्यास आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने बंदी आहे. जुन्या चित्रपटांत दिसणारी आरडाओरड आणि हातपाय बांधणे मनात ठेवून या उपचाराला घाबरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.) सीईएसच्या सर्वांत प्रचलित यंत्रात प्रवाह मोजला जातो तो मायक्रोॲम्पिअरमध्ये, म्हणजे मिलिॲम्पिअरच्याही हजाराव्या भागात. १०० ते ५०० मायक्रोॲम्पिअर ही त्याची नेहमीची मर्यादा. काही यंत्रे कपाळाच्या बाजूंना ओले स्पंज लावून चार मिलिॲम्पिअरपर्यंत जातात, पण तेथेही झटका येण्याचा प्रश्न उद्भवत नाही. खेळण्यातला लहानसा एलईडी दिवा पूर्ण उजळायला साधारण २० मिलिॲम्पिअर लागतात. कानाच्या पाळीला दिले जाणारे १०० मायक्रोॲम्पिअर म्हणजे त्याचा दोनशेवा हिस्सा.

प्रत्यक्ष उपचार पाहायला गेले तर त्यात नाट्यमय असे काहीच नाही. कपडे वाळत घालण्याच्या चिमट्यांची लहान भावंडे शोभतील असे दोन चिमटे असतात, त्यांच्या आतल्या बाजूला नमद्याच्या मऊ टिकल्या असतात. त्या टिकल्यांवर वीजवाहक द्रावणाचे थेंब टाकायचे, पाळ्या पुसून घ्यायच्या आणि चिमटे लावायचे. मग प्रवाह हळूहळू वाढवत न्यायचा. एका टप्प्यावर पाळीला बारीक टोचल्यासारखे वाटते, किंवा होडीत बसल्यावर पाण्याबरोबर अंग हलावे तसे किंचित डोलल्यासारखे वाटू लागते. तसे वाटताच प्रवाह थोडा कमी करून ती जाणीव जाईल इतक्यावर आणायचा आणि वीस मिनिटे ते एक तास शांत बसून राहायचे. काही वेळा सुरुवातीपासूनच प्रवाह इतका कमी ठेवतात, की रुग्णाला काहीच जाणवत नाही. या न जाणवण्याला पुढे फार महत्त्व येणार आहे.

कल्पना तशी आजची नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात स्क्रिबोनियस लार्गस या रोमन वैद्याने डोकेदुखीवर विजेचा धक्का देणारा जिवंत मासा कपाळाला लावण्याचा उपाय लिहून ठेवला आहे. परंतु सीईएसची खरी वंशावळ सुरू होते ती फ्रान्समधील नांत शहरात. १९०२ च्या सुमारास स्तेफान लेदुक यांनी तुटक तुटक प्रवाह देऊन प्राण्यांना गुंगी आणता येते, असे दाखवले. तो धागा पुढे सोव्हिएत संघाने उचलला. तेथे शरीरक्रियाशास्त्रज्ञ पावलोव्ह यांच्या शिकवणुकीचा मोठा दबदबा होता, आणि झोप ही मेंदूने स्वतःच्या रक्षणासाठी पसरवलेली एक प्रकारची मनाई, म्हणजे पेशींच्या कामाला घातलेला आळा, असते, असे त्या शिकवणुकीत मानले जाई. एकसुरी, मंद, पुन्हा पुन्हा येणाऱ्या उद्दीपनाने ही मनाई आणता येईल, हा विचार त्यातून सहजच निघतो. पाळणा हलवणाऱ्या कोणत्याही आईला तो पटावा असाच आहे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस गिल्यारोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिटलेल्या पापण्यांवर व डोक्याच्या मागे इलेक्ट्रोड लावून ‘इलेक्ट्रोसोन’, म्हणजे विद्युतनिद्रा, हा उपचार सुरू केला. १९६६ साली ऑस्ट्रियातील ग्रात्स येथे या विषयावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि त्याच दशकात हे तंत्र अमेरिकेत पोचले.

तेथे दोन गोष्टी बदलल्या. पापण्यांवरचे इलेक्ट्रोड त्रासदायक ठरत असल्याने ते कानामागे आणि पुढे कानांच्या पाळ्यांवर सरकले. आणि उपचार सुरू असताना बहुतेक माणसे झोपतच नाहीत, हे ध्यानात आल्यामुळे ‘विद्युतनिद्रा’ हे नावही मागे पडले. झोप आणण्यासाठी निघालेल्या उपचाराला झोपेचे नाव सोडावे लागले, यात थोडा विनोद आहेच. तरीही घेणारे म्हणत होते, की आम्हाला हलके वाटते, आणि रात्रीची झोप सुधारते. त्यामुळे उपचार टिकला, नाव गेले.

आता दुसऱ्या शंकेकडे वळू. कानाच्या पाळीतून शिरलेली वीज मेंदूपर्यंत पोचते का?

वीज मुख्यतः सोपी वाट धरते. पाळीच्या आत शिरल्यावर तिच्यापुढे एकीकडे त्वचा, रक्त आणि स्नायू यांचा खारट पाण्याने भरलेला, वाहून जायला सोयीचा रस्ता असतो, आणि दुसरीकडे कवटीचे हाड, जे विजेला फारशी वाट देत नाही. म्हणून प्रवाहाचा मोठा भाग कवटीला वळसा घालून बाहेरच्या बाहेर निघून जातो. २०१८ साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी मृतदेहांच्या डोक्यावर प्रवाह सोडून कवटीच्या आत प्रत्यक्ष मोजमाप केले, तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश प्रवाह त्वचा, मऊ ऊती आणि हाड यांतच जिरतो असे दिसले. मेंदूतील चेतापेशींच्या कामावर थेट आणि तत्काळ परिणाम दिसायला डोक्यावर चार ते सहा मिलिॲम्पिअर तरी लागतील, असा त्यांचा निष्कर्ष होता. सीईएसच्या नेहमीच्या मात्रेपेक्षा हा आकडा कितीतरी पटींनी मोठा आहे.

हाच हिशोब दुसऱ्या बाजूने मांडून पाहता येतो. चेतापेशी विश्रांतीत असते तेव्हा तिच्या आतल्या व बाहेरच्या बाजूंत सुमारे ७० मिलिव्होल्टचा फरक असतो, आणि तो साधारण १५ मिलिव्होल्टने घटला म्हणजे ती संदेश सोडते. डोक्याला एक मिलिॲम्पिअर प्रवाह दिला, तर मेंदूत निर्माण होणारे विद्युतक्षेत्र दर मीटरला अर्ध्या व्होल्टच्याही आतच असते. कानाच्या पाळीला दिलेल्या शंभर मायक्रोॲम्पिअरसाठी ते आणखी दहा पटींनी कमी. एवढ्या क्षेत्राने पेशीच्या त्या फरकात जो बदल होईल, तो अंदाजे एका मिलिव्होल्टच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास येतो. म्हणजे दार उघडायला पंधरा पावलांचा जोर लागत असेल, तर हा रेटा पावलाच्या शंभराव्या भागाचा. अशा रेट्याने एकटी पेशी संदेश सोडणार नाही, हे उघड आहे.

सीईएसचे समर्थक यावर जे उत्तर देतात ते अगदीच मोडीत काढण्यासारखे नाही. मेंदूतील पेशी एकेकट्या काम करीत नाहीत. लाखो पेशी तालात चालतात, आणि चालत्या तालाला वळण द्यायला, नवा ताल सुरू करण्याइतका जोर लागत नाही. झोक्यावर बसलेल्या मुलाला योग्य क्षणी बोटाने ढकलले तरी झोका वाढत जातो. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात निरोगी स्वयंसेवकांना एमआरआय यंत्रात झोपवून सीईएस दिले, तेव्हा मेंदूच्या बाह्यस्तराच्या काही भागांतली हालचाल किंचित मंदावल्याचे आढळले. हा पुरावा रोचक आहे. परंतु स्वयंसेवक थोडे होते, ते आजारी नव्हते, आणि स्कॅनवर दिसलेल्या मंदावण्याने कोणाची धास्ती कमी झाली, असे त्यावरून म्हणता येत नाही.

मला स्वतःला त्याहून अधिक विचार करण्यासारखी वाटते ती तिसरी शक्यता. परिणाम होत असेल तर तो मेंदूत वीज शिरल्यामुळे होत असेलच असे नाही. तो कानाच्या व चेहऱ्याच्या नसांमुळे होत असू शकेल. पाळीत मानेकडून आलेली नस असते, कपाळाच्या बाजूला चेहऱ्याच्या संवेदनेची नस असते, आणि पाळीपासून जवळच, आतल्या कानात, तोल सांभाळणारे इंद्रिय असते. वर सांगितलेले होडीतले डोलणे हे त्या तोलाच्या इंद्रियाचेच काम आहे, हे जवळपास निश्चित. म्हणजे ‘मला डोलल्यासारखे झाले, अर्थात करंट मेंदूत गेला’ असे जे विक्रेते सांगतात, ते बरोबर नाही. करंट कानापर्यंत गेला, एवढेच त्यावरून सिद्ध होते. त्या नसांकडून मेंदूच्या बुंध्याला मंद, एकसुरी संदेश जाऊन मन निवत असेल का, हा प्रश्न रास्त आहे. पाळण्याची उपमा येथे पुन्हा आठवते.

कसे घडते हे माहीत नसतानाही एखादा उपचार लागू पडत असेल तर डॉक्टर तो वापरतात. वैद्यकात अशी उदाहरणे पुष्कळ आहेत. म्हणून खरा निवाडा चाचण्यांनीच व्हायला हवा. आणि चिंता व निद्रानाश यांच्या बाबतीत चाचणी घेणे फार फसवे असते. माणूस डॉक्टरकडे जातो तो सगळ्यात वाईट आठवड्यात: चार रात्री डोळ्याला डोळा लागलेला नाही, छातीत धडधड, उद्या कामावर कसे जायचे ही चिंता. चढउतार असलेल्या दुखण्याचा स्वभावच असा, की तळ गाठल्यावर ते काहीसे वर येतेच, मग मधल्या काळात तुम्ही काढा प्या, गंडा बांधा किंवा कानाला चिमटा लावा. शिवाय या उपचारात रोज तासभर मोबाईल बाजूला ठेवून शांत बसणे आहे, कोणीतरी आस्थेने विचारपूस करणे आहे, आणि काहीतरी सुरू झाल्याचा दिलासा आहे. यांतली प्रत्येक गोष्ट झोपेला पोषक आहे.

त्यामुळे अर्ध्या रुग्णांना असे यंत्र द्यावे लागते, जे दिसायला हुबेहूब खरे असते, ज्याचा दिवा लागतो, आकडे हलतात, पण ज्यातून वीज येत नाही. त्याला तोतया यंत्र म्हणू. भाऊसाहेबांच्या तोतयाप्रमाणे त्याने जवळच्या माणसांनाही चकवले पाहिजे. रुग्णाला ओळखू येता कामा नये आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही. जेथे प्रवाह टोचतो, तेथे हे अवघड असते, कारण न टोचणारे यंत्र आपल्या वाट्याला आले हे रुग्ण लगेच ताडतो. न जाणवणाऱ्या १०० मायक्रोॲम्पिअरच्या मात्रेचा येथे मोठा उपयोग होतो: खरे यंत्र आणि तोतया यंत्र दोन्ही सारखीच मुकी.

चाचण्यांचे निकाल काय सांगतात? २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत चिंताविकाराच्या ११५ रुग्णांना पाच आठवडे खरे किंवा तोतया यंत्र दिले. खऱ्या यंत्राच्या गटातील ८३ टक्के रुग्णांची चिंता, ठरलेल्या मोजपट्टीवर, निम्म्याने किंवा अधिक उतरली आणि तोतया गटापेक्षा हा गट स्पष्टपणे पुढे राहिला. समर्थक हीच चाचणी सर्वांत आधी पुढे करतात, आणि आकडा प्रभावी आहे यात शंका नाही. परंतु २०१८ मध्ये अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या आरोग्य विभागासाठी केलेल्या आढाव्यात, तोवरच्या सर्व यादृच्छिक (कोणाला कोणते यंत्र हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवलेल्या) चाचण्या एकत्र पाहिल्यावर, चिंता व नैराश्य असलेल्यांना थोडासा फायदा होत असावा, मात्र त्याचा पुरावा दुबळा आहे, असे म्हटले गेले. निद्रानाशासाठी तर काही ठरवण्याइतकाही पुरावा त्यांना मिळाला नाही. चाचण्या लहान, काळ थोडा आणि आखणी कच्ची, ही तक्रार या क्षेत्रात पुन्हा पुन्हा ऐकू येते. कोणते उपचार वापरावेत याचा सल्ला देणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२१ साली कानाला लावायच्या एका यंत्राविषयी असेच मत दिले: चिंतेसाठी हे आशादायक दिसते, पण सरसकट वापराची शिफारस करण्याइतका चांगला पुरावा नाही, आणखी संशोधन करा.

मग इंग्लंडमध्ये ते मोठे संशोधन झाले, मात्र नैराश्यासाठी. कुटुंबवैद्यांकडे येणाऱ्या २३६ रुग्णांना आठ आठवडे घरी, रोज एक तास, यंत्र वापरायला दिले. निम्म्यांना खरे, निम्म्यांना तोतया. २०२३ साली ‘लॅन्सेट सायकियाट्री’मध्ये निकाल आला. सोळाव्या आठवड्यात दोन्ही गटांतील रुग्ण बरेच सुधारलेले होते, आणि सुधारणा जवळपास सारखीच होती. ज्यांच्या यंत्रातून काहीच आले नव्हते, तेही तेवढेच बरे झाले. हा निकाल नैराश्याचा आहे आणि तो चिंतेवर जसाच्या तसा लावता येणार नाही, हे मान्य करूनही, त्या लहान चाचण्यांकडे परत पाहताना माझी नजर यानंतर बदलली.

‘अमेरिकेच्या एफडीएने मान्यता दिली आहे’ हे वाक्य जाहिरातींत ठळक असते, म्हणून त्याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. (एफडीए म्हणजे औषधे व वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणारी तेथील सरकारी संस्था.) वैद्यकीय उपकरणांचा सविस्तर कायदा अमेरिकेत १९७६ मध्ये आला. सीईएसची यंत्रे त्याआधीपासून बाजारात होती, म्हणून जुन्या भाडेकरूला नव्या मालकाने राहू द्यावे तशी ती राहिली, आणि त्यांच्यासारखीच असल्याचे दाखवून नवी यंत्रेही येत राहिली. २०१२ मध्ये एफडीएच्या सल्लागार समितीने परिणामकारकतेच्या पुराव्याबद्दल नापसंती दाखवली. अखेर डिसेंबर २०१९ मध्ये निर्णय झाला: चिंता व निद्रानाश यांसाठीची यंत्रे मधल्या जोखमीच्या वर्गात ठेवून विशेष अटींसह, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर विकता येतील, नैराश्यासाठी मात्र सर्वांत कडक वर्ग लागू राहील आणि स्वतंत्र पुरावा द्यावा लागेल. अशा वर्गवारीत धोका किती, हा प्रश्न मोठा असतो, आणि धोका कमीच आहे. पाळीची त्वचा लाल होणे, डोके दुखणे, गरगरणे, एवढेच त्रास सामान्यतः नोंदले गेले आहेत. पेसमेकर किंवा शरीरात बसवलेले दुसरे विद्युत उपकरण असणाऱ्यांनी मात्र यापासून लांबच राहावे. फिट येणाऱ्यांनी व गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. आणि उपचार सुरू असताना किंवा गरगरत असताना गाडी चालवू नये.

सौम्य विजेचे दुसरेही प्रकार आहेत, आणि नावांच्या सारखेपणामुळे गोंधळ होतो. टीडीसीएस या प्रकारात एक ते दोन मिलिॲम्पिअरचा एकाच दिशेने वाहणारा प्रवाह डोक्यावरच्या ओल्या पॅडमधून, साधारण वीस मिनिटे देतात. जर्मनीतील ग्योटिंगेन येथे निट्शे आणि पाउलुस यांनी २००० साली केलेल्या प्रयोगांपासून त्याला आजचे रूप आले. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत, स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना ऐकू येणारे भासाचे आवाज कमी करण्यासाठी याचा अभ्यास झाला आहे. बीजिंगमध्ये तर ६२ निद्रानाशी रुग्णांवर १५ मिलिॲम्पिअरच्या प्रत्यावर्ती, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या, प्रवाहाची चाचणी होऊन २०२० मध्ये चांगले निकाल प्रसिद्ध झाले. ही मात्रा कानाच्या चिमट्यांच्या दीडशेपट आहे. त्या निकालांचे श्रेय चिमट्यांच्या यंत्राला देणे म्हणजे शेजारच्या मुलाचे गुण आपल्या प्रगतिपुस्तकात लिहिणे.

लोक या यंत्रांकडे का वळतात, हे समजण्यासारखे आहे. झोपेच्या व चिंतेच्या काही गोळ्यांची सवय लागते, बंद करताना त्रास होतो, वयस्कर माणसे रात्री उठताना तोल जाऊन पडतात. गोळी नको असणे यात काहीच गैर नाही. पण गोळीशिवायचा, आणि विजेपेक्षा कितीतरी भक्कम पुराव्याचा, एक उपचार अगोदरपासून आहे: निद्रानाशासाठीची वर्तन-विचार उपचारपद्धती, सीबीटी-आय. जुनाट निद्रानाशात पहिला उपचार म्हणून हीच द्यावी, अशी शिफारस अमेरिकेतील फिजिशियनांच्या संघटनेने २०१६ साली केली. तीत अंथरुणात पडून राहण्याचा वेळ प्रत्यक्ष झोपेइतकाच ठेवणे, झोप येत नसेल तर कूस बदलत न राहता उठून बसणे, सकाळी उठण्याची वेळ कधीही न बदलणे, असे कंटाळवाणे वाटणारे नियम असतात आणि पहिले दोन आठवडे जीव मेटाकुटीला येतो. बाजारात विकण्यासारखे त्यात काही नसल्यामुळे त्याची जाहिरात होत नाही. चिंता फार वाढली असेल, तर केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. घोरता घोरता श्वास अडकणे किंवा थायरॉइडची गडबड यांमुळे झोप उडाली असेल, तर आधी ते तपासून घ्यावे. त्यावर कानाचा चिमटा काही करणार नाही.

एवढे होऊनही आपल्या मनोविकारतज्ज्ञांनी सीईएस करून पाहू असे सुचवले, तर नकार देण्याचे कारण नाही. मात्र यंत्र सुरू करण्यापूर्वी दोन आठवडे साध्या वहीत रोज तीन गोष्टी लिहाव्यात: अंथरुणावर किती वाजता पडलो, अंदाजे किती वाजता झोप लागली, रात्री किती वेळा जाग आली. यंत्र सुरू झाल्यावरही त्याच तीन गोष्टी तशाच लिहीत राहावे आणि बाकीची औषधे डॉक्टरांना न विचारता कमी-जास्त करू नयेत. महिन्याभराने वहीची आधीची आणि नंतरची पाने शेजारी ठेवली, की आपल्यापुरते उत्तर बऱ्यापैकी कळते. आणि त्या पानांत फरक दिसला नाही, तर यंत्र परत घेतले जाते का, पैसे किती मिळतात, हे पावती करण्याआधीच लेखी विचारून घ्यावे.